चिमणीला ओळखणारे

३ फेब्रुवारी

बाळा,

मायन्यातच दहा मिनिटं गेली. 'चिमणी' म्हटलेलं तुला खपत नाही, आणि खऱ्या नावाने हाक मारायची माझ्या जिभेला सवय नाही. म्हणून बाळा. तेही आवडलं नाही तर खोडून टाक.

मावशीने बजावलंय की पत्र लहान हवं आणि रडगाणं नको. तुझा पत्ता तिने मला सांगितलेला नाही, मीही विचारलेला नाही. पत्र तिच्याकडे जाईल, ती तुझ्याकडे पोचवेल, वाचायचं की नाही ते तू ठरवशील. तीन वर्षांतलं हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांचं काय झालं मला ठाऊक नाही. पण माझ्या वाढदिवसाला तू मावशीच्या हाती रोप पाठवलंस, तेव्हा एखादं तरी वाचलं असशील असं मी धरून चालले आहे. रोप खिडकीत ठेवलंय. दोन नवी पानं फुटली.

मी बरी आहे. दुकान चालू आहे. मालकांचे गुडघे गेल्यामुळे ते फक्त संध्याकाळी येतात, त्यामुळे डोळ्यांचे नंबर तपासायचं काम सगळं माझ्याच गळ्यात. तुझ्या व्हिडिओंचं ते पेज मी केव्हाच बंद केलं, हे मागे लिहिलं होतंच.

एक गोष्ट घडली. सांगण्यासारखी आहे की नाही कळत नाही. सोमवारी दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. पन्नाशीचे असतील. शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मऊ. वाचायचा चष्मा हवा म्हणाले. आतल्या खोलीत बसवलं, दिवा मालवला, त्यांच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवली. ती खोली तुला माहीत आहे, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागतो. एक भिंग घालायचं आणि विचारायचं, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? ते तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचत होते. हातात दिलेल्या कागदावरची बारीक अक्षरंही वाचली. या माणसाला चष्मा कशाला हवा, असा विचार करत मी पुढचं भिंग उचललं, तेवढ्यात ते म्हणाले, "चिमणी कशी आहे?"

मी म्हटलं, बरी आहे. काय करते? शिकते. कुठे? बाहेरगावी. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हसताना तिचा डावा डोळा किंचित बारीक होतो. तुम्ही तिचा नंबर कधी तपासलात की नाही?"

मी दिवा लावला. त्यांनी फ्रेम निवडली, शुक्रवारी घेऊन जातो म्हणाले आणि गेले. पूर्वीही लोक आपल्याला रस्त्यात थांबवायचे, तुझ्या गालाला हात लावायचे. तसाच एक. घाबरण्यासारखं काही नाही.

तू काम करतेस तिथे एकटी असतेस की बाकी माणसं असतात? सहज विचारते.

आई

१० फेब्रुवारी

बाळा,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. पेज बंद केलेलं नाही.

तू गेल्यावर पहिले दोन महिने मी त्यावर काही टाकलं नव्हतं. मग लोक विचारायला लागले, चिमणी आजारी आहे का, चिमणीची आई, तुम्ही ठीक आहात ना. दोन महिन्यांत दुसऱ्या कोणी मला तसं विचारलं नव्हतं. मी तुझा सातव्या वर्षीचा एक जुना व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं की अभ्यासात गुंतली आहे. मग आणखी एक. आठवड्याला एक, असं करत तीन वर्षं गेली. सगळे जुनेच आहेत. तुझं खरं नाव मी कधीच कुठे टाकलं नाही, तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव.

आता शुक्रवारचं सांगते. तो माणूस चष्मा न्यायला आला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी चष्मा त्याच्या कानांवर बसवून बघत होते, दांडी जरा वाकवावी लागणार होती. तेव्हा त्याने सांगितलं की पेजवर त्याचं नाव 'शुभचिंतक' आहे.

नाव ऐकून मला हायसं वाटलं, हे खरं सांगते. शुभचिंतक अगदी पहिल्या वर्षापासूनचे. प्रत्येक व्हिडिओखाली दोन ओळी लिहिणार, तुझं बोलणं कुठल्या अक्षराला अडलं, कुठे सुटलं ते सांगणार. मला वाटायचं, निवृत्त शिक्षक वगैरे असतील. मी म्हटलं, अहो, तुम्ही होय, बसा की. मीच त्याला खुर्ची दिली.

तो बसला आणि तुझ्याबद्दल बोलायला लागला. तुझे दुधाचे दात कुठल्या क्रमाने पडले ते त्याला पाठ आहे. तू सायकलवरून पडलीस ती गोष्ट निघाली, मी म्हटलं उजव्या गुडघ्याला चार टाके पडले होते. तो हसला. म्हणाला, "डाव्या. उजव्याला नुसतं खरचटलं होतं." मी घरी जाऊन तो व्हिडिओ पाहिला. डावाच.

मग म्हणाला, तिचा वाढदिवस आम्ही दरवर्षी करतो. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण?

"मीच," तो म्हणाला. "दुसरं कोण आहे?"

हे म्हणताना त्याचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. मी दांडी वाकवत होते, ती वाजवीपेक्षा जास्त वाकली. नवी बसवून देते, पंधरा दिवसांनी या, असं माझ्या तोंडून गेलं. तो येऊ नये असं वाटत असताना त्याला परत बोलावणारी मीच. तोवर हाच चालेल म्हणत तो वाकड्या दांडीचा चष्मा घालूनच गेला.

मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती उगाच कांगावा करील. तूही जपून राहा, एवढंच.

आई

१२ फेब्रुवारी

हे पत्र मावशी फोनवर तुला वाचून दाखवणार आहे, कारण टपालाला वेळ नाही. ती माझ्या शेजारी बसली आहे आणि तिने सांगितलंय की या वेळी काही गाळायचं नाही.

तो काल आला. पंधरा दिवसांनी या म्हटलं होतं, तो आठवड्याच्या आतच आला. चष्म्याचं नावही काढलं नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्याने विचारलं, "रोपांची आवड तिला कधीपासून लागली? लहानपणी तर मातीला हात लावायची नाही."

ते फक्त एकाच रीतीने कळू शकतं.

तुझं रोप आलं त्या दिवशी मी त्याचा फोटो काढून पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'चिमणीने स्वतःच्या हातांनी वाढवलेलं.' तीन वर्षांत तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू, गं. कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. फोटो फक्त पानांचा काढला आहे असं मला वाटलं होतं. काल तो गेल्यावर मोठा करून पाहिला. कुंडीच्या काठावर शिक्का आहे. रोपवाटिकेचं नाव, आणि खाली गाव.

म्हणजे तू कुठे आहेस हे मला माहीत नव्हतं, आणि मी ते सगळ्या जगाला सांगून मोकळी झाले होते. फोटो लगेच काढून टाकला. अठरा दिवस तो तिथे होता.

मी त्याला म्हटलं, ती आता तिथे नसते. तो म्हणाला, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ताई. चिमणीलाही येत नव्हतं." आणि शांतपणे दार ओढून घेऊन गेला.

मी दुकान तसंच टाकून मावशीकडे आले. तिने ऐकून घेतलं, मग मला अशा शब्दांत सुनावलं की आपल्या लहानपणापासून आजवर कधी सुनावलं नव्हतं. तिला सांगायचंच राहिलं की मी आधीच्या पत्रात तिला कांगावखोर म्हटलंय. आता तिने ते इथेच वाचलं. असो.

बाळा, उद्यापासून कामावर जाऊ नकोस. मावशीकडे ये. मी तिथे येणार नाही, शपथेवर सांगते. तू ये फक्त.

आई

१३ फेब्रुवारी

तुझा निरोप मावशीने जसाच्या तसा सांगितला. 'लपूनच राहायचं होतं तर तिच्या घरात राहिले असते. मी कामाला जाणार.' हे सांगायला तुला फोनवर किती वेळ लागला असेल याचा मी अंदाज करत बसले होते. मावशी म्हणाली, तिला घाई नसते आता.

रोपवाटिकेच्या बाईंना मात्र सगळं सांगितलंस, हे बरं केलंस.

आई

१९ फेब्रुवारी

बाळा,

तो सात दिवस आलेला नाही. येत होता तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं. आता दुकानाचं दार वाजलं की मी आधी येणाऱ्याच्या नाकावरचा चष्मा बघते. काल एका आजोबांचा नंबर तपासताना त्यांनी सहज 'मुलंबाळं काय?' विचारलं, आणि माझ्या हातातलं भिंग खाली पडून फुटलं. आजोबांनाच अपराधी वाटलं बिचाऱ्यांना.

मंगळवारी मावशी आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागे एक तरुण हवालदार होता. त्याने सगळं लिहून घेतलं. त्या माणसाने धमकी दिली का? नाही. अंगाला हात लावला? नाही. मग त्याने पेज उघडून दाखवायला सांगितलं. बघता बघता त्याचा चेहराच फुलला. "ही चिमणी होय? माझी आई रोज बघते हिला." मावशीने खुर्चीतच माझा हात दाबला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाई, यात घर आहे, शाळा आहे, शाळेची वेळ आहे, मुलगी कशाला घाबरते ते आहे. हे सगळं तुम्हीच टाकलंत ना?" त्याच्या मनात टोचायचं नव्हतं. त्याला फॉर्ममध्ये तसं लिहायचं होतं.

नाव, फोन नंबर आपल्याकडे काही नाही म्हटल्यावर तो म्हणाला की पेजवरून त्याच्याशी काही बोलणं झालं असेल तर आणून द्या. त्यासाठी मी घरी बसून जुने निरोप काढले. चौदा वर्षांचे. मला वाटत होतं, त्याने बरंच लिहिलं असेल आणि मी कधीमधी आभार मानले असतील. तसं नाही. मी त्याला जवळजवळ रोज लिहीत होते. तुझे बाबा गेल्यानंतरचा तो काळ. तू का रडलीस, कुठल्या बाईंना घाबरतेस, रात्री अंथरूण ओलं करतेस, सगळं. एके ठिकाणी मी लिहिलंय, 'तुम्ही आम्हाला परके थोडेच आहात?' आणखी एके ठिकाणी, 'तिचा जितका विचार तुम्ही करता तितका तिचे सख्खे काका करत नाहीत.' त्या माणसाने खोटं काहीच म्हटलेलं नाही. मीच त्याला घरात घेतलं होतं.

सगळंच सांगायचं ठरलंय, तर तो प्रार्थनेचा व्हिडिओ. तुला अकरावं लागलं होतं. 'चिमणी बोलायला लागली.' दोन मिनिटं, एकदाही न अडखळता. पेजवरचा सर्वांत जास्त पाहिलेला. तो मी सदतीस तुकडे जोडून केला होता. सकाळी आठपासून तू त्या खुर्चीवर बसली होतीस. दुपारी तुला उलटी झाली, मी फ्रॉक बदलला तर रंग वेगळा दिसेल म्हणून तोच धुऊन, इस्त्रीने वाळवून पुन्हा घातला. ओला होता. तू म्हणालीस, खांद्याला गार लागतं. मी म्हटलं, शेवटचं एकदा.

त्यानंतर तू शाळेत बोलणंच सोडलंस. बाईंनी बोलावून सांगितलं तेव्हा मला वाटलं, वयात येतेय, अबोल झाली असेल. आता कळतं. बोललीस तर अडखळशील, अडखळलीस तर सगळ्यांना कळेल की आई खोटी. सहा वर्षं तू मला सांभाळत होतीस. बोलण्याचे वर्ग घेणाऱ्या बाईंनी तर मला एवढंच सांगितलं होतं, सरावाचे व्हिडिओ काढून ठेवा, तिलाच दाखवायला.

जाताना तू चिठ्ठीत लिहिलं होतंस की मला माझं लहानपण आठवत नाही, तुझे व्हिडिओ आठवतात. तेव्हा मला तुझा राग आला होता. कृतघ्न वाटली होतीस. परवा मी डोळे मिटून प्रयत्न करून पाहिला. तू सहा वर्षांची असतानाचा असा एक क्षण आठवायचा, जो कॅमेऱ्यात नाही. बराच वेळ बसले. एकही आला नाही.

पेज आजही आहे. हवालदाराने 'तपास होईपर्यंत काही पुसू नका' म्हणून सांगितलं, हे खरं. पण तो म्हणाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. बारा लाख लोकांना मी चिमणीची आई म्हणून माहीत आहे. ते पुसलं की उरते ती चष्म्याच्या दुकानातली बाई, जिची मुलगी तिच्याशी बोलत नाही. त्या बाईबरोबर एकटीने घरात राहायची मला भीती वाटते. त्या माणसाइतकीच.

तुझी,
आई

२७ फेब्रुवारी

बाळा,

मावशीने आत्ताच फोन ठेवला. तू तिला जे सांगितलंस ते तिने मला सांगितलं. मी ते पुन्हा तुलाच लिहिते आहे, कारण मला ते नीट कळलं आहे का, याची मला खात्री करून घ्यायची आहे. चुकलं असेल तर तूच खरी.

सोमवारी अकराच्या सुमारास तू हिरव्या जाळीखाली पिशव्यांत माती भरत होतीस. बाई पुढच्या गेटवर कुणाशी तरी बोलत होत्या. तो आतल्या वाटेने चालत आला, अगदी गिऱ्हाईक येतं तसा, कुंड्यांवरच्या पाट्या वाचत. त्याच्या नाकावर मी बसवलेला, वाकड्या दांडीचा चष्मा होता. त्यावरून तू ओळखलंस. दुसऱ्या पत्रातलं ते वाचलं होतंस म्हणजे.

तो तुझ्यापाशी येऊन थांबला आणि त्याने तुलाच विचारलं, "इथे चिमणी नावाची मुलगी काम करते का?"

मावशीने हे सांगितलं तेव्हा मी मध्येच म्हटलं, थांब, मला पाणी पिऊ दे.

तू उठली नाहीस. हात मातीत तसेच ठेवलेस. तू म्हणालीस, "अ... अ... अशी क... कोणी इथे न... नाही."

आणि त्याने तुला ओळखलं नाही.

चौदा वर्षं ज्याने तुझा एकेक दात मोजला, तो दोन हातांवरून तुझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही. उलट त्याला तुझी दया आली. "सावकाश बोल, पोरी," तो म्हणाला. "घाबरू नकोस. आमची चिमणीही अगदी अशीच होती. ती बरी झाली. तूही होशील." आणि मातीच्या पोत्यावर रुमाल अंथरून बसून त्याने फोन काढला, तुला धीर यावा म्हणून. तुला प्रार्थनेचा व्हिडिओ दाखवला. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा. जवळजवळ वीस मिनिटं. तू त्याच्या शेजारी बसून स्वतःला बघितलंस, आणि तो तुला समजावत होता की बघ, इथे 'प'ला अडखळली, आता इथे बघ कशी सुटली.

मावशीने तुला विचारलं म्हणे, की तू ओरडली का नाहीस. तू म्हणालीस की ओरडले असते तर त्याने वर बघितलं असतं.

मग बाई आल्या. तू त्यांना खुणेने सांगितलंस, त्यांनी गेट लावून घेतलं आणि फोन केला. तो पळाला नाही. पोलीस येईपर्यंत शांत बसून होता, मी चिमणीला भेटायला आलोय, मी तिच्या घरचा आहे, असं सगळ्यांना सांगत. घरचा म्हणून त्याने माझा नंबर दिला. ठाण्यातून मला जो फोन आला त्यात ते म्हणाले, तुमचे नातेवाईक आमच्याकडे आहेत.

त्याच्या पिशवीत दोन जणांचं जाण्याचं तिकीट होतं. कुठल्या गावचं ते मावशीने मला सांगितलं नाही.

तू आता कशी आहेस? हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते. जेवलीस का, झोप लागते का. उत्तर मावशीला दिलंस तरी चालेल. मला 'लागते' किंवा 'नाही' एवढंच कळलं तरी पुरे.

आई

११ मार्च

बाळा,

मावशी म्हणाली, हे पत्र ती ठेवून घेईल. तू रोपवाटिका सोडलीस, गाव सोडलंस, आणि या वेळी पत्ता तिलाही दिलेला नाहीस. महिन्यातून एकदा तू फोन करणार, तेव्हा ती विचारेल, आईचं पत्र आलंय, वाचून दाखवू का. तू नको म्हणालीस तर ते कपाटात राहील. मला हे मान्य आहे. मान्य नसतं तरी काय करणार होते म्हणा.

काल मला ओळख पटवायला ठाण्यात बोलावलं होतं. त्याची नाही, तुझी. त्याच्या घरून त्यांनी एक कॉम्प्युटर आणि बरेचसे अल्बम आणले होते. छापून, तारखा घालून चिकटवलेले फोटो. या वेळी टेबलाशी एक बाई अधिकारी होत्या, माझ्याच वयाच्या. त्या एकेक पान उलटायच्या आणि विचारायच्या, ही तुमचीच मुलगी ना? मी हो म्हणायचे, त्या खूण करायच्या. सहा वर्षांची, सात, नऊ, अकरा. हे सगळे माझेच फोटो होते, मीच काढलेले.

मग शेवटचा अल्बम उघडला. त्यात तू अठरा वर्षांची होतीस. कुठल्याशा बागेत उभी, लांब केस, हसताना डावा डोळा किंचित बारीक. एकोणीस, त्याच्या घराच्या पायरीवर. वीस, पदवीच्या झग्यात. बाळा, मी ते फोटो बघतच राहिले. तीन वर्षं मी तुला पाहिलेलं नाही. मला वाटलं, किती मोठी झाली, किती छान दिसते. माझे डोळे भरून आले. या फोटोंसाठी मी त्याला माफसुद्धा केलं असतं, असं क्षणभर मनात आलं. मी बाईंना म्हटलं, हो, हीच माझी मुलगी.

त्यांनी खूण केली नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे फोटो खरे नाहीत. सतरानंतरचे त्याने कॉम्प्युटरवर बनवले आहेत, तुमच्या व्हिडिओंवरून. तुमची मुलगी आता अशी दिसते का, एवढंच मला लिहायचंय."

तो याच मुलीला शोधायला आला होता. म्हणून तू वाचलीस. आणि त्याच्या जागी मी त्या वाटेने आले असते, तर मीही तुझ्या शेजारी बसून तिलाच शोधलं असतं.

मी बाईंना म्हटलं, मला सांगता येणार नाही. त्यांना ते कळलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं: आईला सांगता येत नाही. त्याखाली मी सही केली.

पेजबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, खटला संपला की खुशाल पुसा, पण पुसून काय होणार ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्याच्यासारख्या किती जणांनी काय काय उतरवून घेतलंय ते कुणालाच माहीत नाही. हवालदाराच्या आईने म्हणे काही व्हिडिओ जपून ठेवलेत, नातवंडांना दाखवायला. तो सुटून केव्हा येईल, हेही त्यांना सांगता आलं नाही. पेजवर आता माझ्याकडून काही जात नाही. लोक विचारतात, चिमणीची आई, कुठे आहात. मी वाचते आणि फोन उपडा ठेवते. रोज ठेवता येतो असं नाही.

ठाण्याबाहेर मावशी पायरीवर बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती उठली. आम्ही चालायला लागलो. कोपऱ्यावर आल्यावर तिने माझं कोपर धरलं. म्हणाली, अगं, मी भेटले होते तिला मागच्या महिन्यात. केस एकदम आखूड कापलेत. उन्हाने रापली आहे. आणि सांगू का, हसते तेव्हा...

मी म्हटलं, नको.

ती थांबली. ती सांगायला तयार होती, बाळा, आणि मला ऐकायचं होतं, किती ते तुला कळणार नाही. मी तिला म्हटलं, ते तिचं तिच्याकडे राहू दे. मग आम्ही रस्ता ओलांडला.

आई